लेनन आला नाही, तरी मेळावा भरला

इअरफोन लावलेत ना? मोबाईल हातात आहेच, तर आधी एक काम करा. जॉन लेननचा १९७५ सालचा 'रॉक अँड रोल' नावाचा अल्बम आहे, त्याचं कव्हर शोधा.

सापडलं? काळा-पांढरा फोटो आहे. एका जुन्या इमारतीच्या दारात, चौकटीला टेकून एक पोरगा उभा आहे. लेदर जॅकेट, चेहऱ्यावर थोडा माज. आणि त्याच्या पुढून तीन माणसं चालत गेलीयत. ती हलल्यामुळे नुसती धूसर दिसतात, चेहरे ओळखू येत नाहीत. ती तिघं कोण, हे आत्ता सांगत नाही. आजचा सगळा भाग त्या तिघांपर्यंत पोचण्याचा आहे. वाटेत एक रेकॉर्डचं दुकान लागेल, न्यूयॉर्कमधलं एक जुनं हॉटेल लागेल आणि सुमारे ८,००० वेडे लोक भेटतील.

आजचा विषय: बीटल्सच्या चाहत्यांचा पहिला मोठा मेळावा. साल १९७४.

आता तुम्ही म्हणाल, फॅन्सचा मेळावा, त्यात काय इतिहास? आज कॉमिक कॉनला लोक नटून-थटून जातात, के-पॉपवाल्यांचे ग्रुप कॅफेत जमून आवडत्या गायकाचा वाढदिवस करतात. खरंय. पण १९७४ मध्ये एखाद्या रॉक बँडसाठी असं काही करायचं म्हणजे काय, हे कुणाला धड माहीत नव्हतं. त्यातून तो बँड अस्तित्वातच नव्हता. म्हणून ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

जरा मागे जाऊ.

फेब्रुवारी १९६४. लिव्हरपूलची चार पोरं न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरली. दोन दिवसांनी, ९ तारखेला, ती 'एड सलिव्हन शो'मध्ये टीव्हीवर दिसली. सुमारे ७ कोटी ३० लाख अमेरिकनांनी तो कार्यक्रम पाहिला. त्या रात्री टीव्हीपुढे बसलेल्या शाळकरी मुलामुलींच्या डोक्यात जे शिरलं, ते पुढे कधी बाहेर आलंच नाही.

त्या काळातली फॅन मंडळी म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? किंचाळणारी गर्दी. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ५५,००० हून जास्त लोक होते आणि आरडाओरडा इतका, की वाजवणाऱ्यांना स्वतःचं वाजवणं नीट ऐकू येईना. मुंबईनंही ह्याची एक छोटी झलक पाहिलीय. सप्टेंबर १९६६ मध्ये जॉर्ज हॅरिसन पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला आला आणि ताजमहाल हॉटेलात उतरला. ओळख पटू नये म्हणून त्यानं मिशीही वाढवली होती. उपयोग झाला नाही. कुणीतरी ओळखलंच, बातमी फुटली आणि हॉटेलबाहेर पोरं जमली. शेवटी पत्रकारांना बोलावून त्याला सांगावं लागलं, की बाबांनो, मी इथे बीटल म्हणून आलेलो नाही, शिकायला आलोय. मग गुरु-शिष्य दोघेही काश्मीरला निघून गेले.

ही झाली गर्दी. गर्दीतल्या प्रत्येकाची नजर एकाच खिडकीकडे असते. शेजारी कोण उभं आहे, ह्याच्याशी तिला देणंघेणं नसतं. मेळावा ही वेगळी चीज आहे. ती घडायला आधी खिडकी रिकामी व्हावी लागली.

ती कशी झाली, तेही बघा. ऑगस्ट १९६६ नंतर बीटल्सनी दौरे बंद केले. चाहत्यांचं मासिक 'द बीटल्स मंथली बुक' डिसेंबर १९६९ च्या अंकाबरोबर थांबलं. एप्रिल १९७० मध्ये बँड फुटल्याचं जगजाहीर झालं. त्या वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवशी पॉल मॅकार्टनीनं भागीदारी मोडण्यासाठी लंडनच्या कोर्टात दावा लावला. १९७२ मध्ये अधिकृत फॅन क्लबही बंद झाला. म्हणजे विचार करा, तुम्ही चाहते आहात, पण पत्र पाठवायला पत्ता नाही, वाट बघायला अंक नाही. आणि बातमी येते ती फक्त वकिलांची.

अशा वेळी फॅन असणं म्हणजे काय होतं? आज आपण हवा तो व्हिडिओ पाच सेकंदांत लावतो. तेव्हा घरी टेप लावून सिनेमा बघायची सोयच नव्हती. घरगुती व्हिडिओ रेकॉर्डर सामान्य घरांत पोचायला अजून कितीतरी वर्षं होती. शे स्टेडियमचा कार्यक्रम तुम्ही टीव्हीवर एकदा पाहिला असेल, तर पाहिला. नसेल, तर विषय संपला. बीटल्सनी १९६७ मध्ये ब्रिटिश टीव्हीसाठी केलेली 'मॅजिकल मिस्टरी टूर' ही फिल्म तर अमेरिकेतल्या बहुतेक चाहत्यांनी नुसती ऐकून माहीत करून घेतली होती.

भूक मात्र प्रचंड होती. १९७३ च्या सुमारास कुणीतरी बीटल्सच्या गाण्यांचा 'अल्फा ओमेगा' नावाचा चोरटा संच काढला आणि चक्क रेडिओ-टीव्हीवर जाहिरात करून विकायला सुरुवात केली. त्यावर उतारा म्हणून कंपनीनं एप्रिल १९७३ मध्ये दोन अधिकृत संग्रह काढले. एक लाल कव्हरचा, एक निळ्या. दोन्ही धडाधड खपले. तीन वर्षांपूर्वी मेलेल्या बँडला गिऱ्हाईक कमी नव्हतं. नव्हती ती एकत्र बसायची जागा.

इथे आपला माणूस येतो. मार्क लापिडोस. 'सॅम गुडी' नावाच्या रेकॉर्डच्या दुकानात काम करणारा तरुण. रेकॉर्डच्या दुकानातला माणूस म्हणजे त्या काळचा अल्गोरिदम समजा. कोण काय विकत घेतं, काय संपलं म्हणून हळहळतं, हे त्याला रोज दिसत होतं. फेब्रुवारी १९७४ मध्ये बीटल्सच्या अमेरिकेतल्या आगमनाला १० वर्षं झाली. ह्याला वाटत होतं की कुणीतरी काहीतरी मोठं करेल. कुणी काही करेना. तेव्हा ह्याच्या मनात आलं, आपणच का करू नये?

मनात येणं सोपं. पण त्याला एक गोष्ट खटकत होती. ज्यांच्या नावानं करायचं, त्यांना न विचारता कसं करायचं?

२८ एप्रिल १९७४. जॉन लेनन आणि त्याचा गायक मित्र हॅरी निल्सन एका धर्मादाय पदयात्रेसाठी सेंट्रल पार्कमध्ये आले होते. जॉन उतरला होता तिथल्याच पिएर हॉटेलात. लापिडोस तिथे पोचला आणि जॉनच्या खोलीपर्यंत गेला. ना ओळख, ना चिठ्ठी. कल्पना सांगितली: एक हॉटेल घ्यायचं, दोन दिवस बीटल्सच्या फिल्म दाखवायच्या, पाहुणे बोलवायचे, जुन्या वस्तूंचा बाजार भरवायचा, गप्पा, संगीत. आणि धर्मादाय कामालाही हातभार लावायचा.

जॉनला कल्पना आवडली. मी पण बीटल्सचा फॅनच आहे, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाला. लापिडोसनं हे पुढे आयुष्यभर सांगितलं, आणि का सांगू नये? पण एक लक्षात घ्या. हा काही कायदेशीर परवाना नव्हता. चौघांची भागीदारी कोर्टात अडकलेली, त्यामुळे सगळ्यांच्या वतीनं 'हो' म्हणायचा अधिकार एकट्या जॉनलाही नव्हता. हा होता नुसता आशीर्वाद. तरी तेवढ्यानं ह्या पोराला बळ आलं.

आता एक प्रामाणिक खुलासा. 'पहिला' हा शब्द इतिहासात जपून वापरावा लागतो. त्याच उन्हाळ्यात, जुलै १९७४ मध्ये, बोस्टनला जो पोप नावाच्या चाहत्यानं बीटल्सप्रेमींना जमवलं होतं. तो 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' नावाचं चाहत्यांचं मासिक काढायचा. म्हणजे एकाच वेळी दोन शहरांत दोन माणसांना तीच गोष्ट सुचली. मला तर ह्यात भांडण दिसत नाही, उलट पुरावा दिसतो. वेळ आली होती. पण न्यूयॉर्कचा मेळावा पुढे वर्षानुवर्षं चालू राहिला, म्हणून तो जास्त लक्षात राहिला.

मेळाव्याचा साचाही आकाशातून पडला नव्हता. तो दिला विज्ञानकथावाल्यांनी. त्यांची संमेलनं अमेरिकेत १९३० च्या दशकापासून भरत होती. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कलाच 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांनी तसं संमेलन भरवलं. काहीशे लोक येतील असं धरलं होतं, हजारो आले. आणि ती मालिका १९६९ मध्येच बंद पडलेली! म्हणजे संपलेल्या गोष्टीवरही माणसं जमतात, हे सिद्ध झालं होतं. एक दालन वस्तूंच्या विक्रीला, एक अंधारी खोली फिल्मसाठी, एक मोठा हॉल भाषणं आणि गप्पांसाठी. हाच साचा लापिडोसला कामाला आला. जागाही ओळखीची. 'स्टार ट्रेक'चं १९७३ चं संमेलन ज्या कमोडोर हॉटेलात झालं होतं, तेच त्यानं घेतलं.

कमोडोर म्हणजे ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या शेजारचं, १९१९ सालचं अवाढव्य हॉटेल. एकेकाळचा थाट आता उतरला होता. दोनच वर्षांनी ते बंद पडलं. पण अशा मेळाव्याला असंच हॉटेल लागतं. स्टेशनाला चिकटून, हॉल भरपूर, आणि पोराटोरांच्या झुंडीला नाक न मुरडणारं.

७ आणि ८ सप्टेंबर १९७४. शनिवार-रविवार. नाव ठेवलं 'बीटलफेस्ट'.

ह्या दोन दिवसांत देशात काय चाललं होतं, तेही जरा बघू. महिन्याभरापूर्वीच वॉटरगेट प्रकरणात राष्ट्राध्यक्ष निक्सन ह्यांना राजीनामा द्यावा लागला होता. आणि ह्या मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याच रविवारी सकाळी, नवे राष्ट्राध्यक्ष फोर्ड ह्यांनी निक्सनना माफी देऊन टाकली. ह्याच निक्सन सरकारनं लेननला अमेरिकेबाहेर काढायचा चंग बांधला होता. जुलैमध्ये त्याला ६० दिवसांत देश सोडण्याचा हुकूम निघाला होता. वकील अपिलं करत होते. म्हणजे कमोडोरमध्ये लोक ज्याच्या नावानं जमणार होते, त्याच्या डोक्यावर हद्दपारीची तलवार लटकत होती.

दोन दिवसांत सुमारे ८,००० लोक आले. कल्पना करा. तुम्ही तुमच्या गावातले, शाळेतले, गल्लीतले एकटे बीटल्सवेडे. घरचे म्हणतात, अजून तेच काय घेऊन बसलास, बँड फुटला की! आणि एक दिवस तुम्ही एका हॉलचं दार ढकलता, तर आत तुमच्यासारखेच हजारो. कोणत्या गाण्यात कोण काय वाजवतं, ह्यावर अनोळखी माणसं वाद घालतायत. ज्या रेकॉर्डसाठी तुम्ही वर्षभर दुकानं पालथी घातली, ती टेबलावर पडलीय. अंधाऱ्या खोलीत प्रोजेक्टर चालू आहे, पडद्यावर १९६५ आहे, आणि जाणत्या वयातली माणसं १९६५ सारखीच ओरडतायत.

फीनिक्स हाउस ह्या व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या संस्थेसाठी सोडत होती. तिच्यासाठी जॉननं सही केलेली गिटार पाठवली होती. तो स्वतःही येणार, असं जवळजवळ ठरलं होतं.

तो आला नाही.

का? घाबरला. आता तुम्ही म्हणाल, शे स्टेडियमवर हजारोंपुढे उभा राहिलेला माणूस, हॉटेलातल्या हॉलला घाबरतो? पण मला ते समजू शकतं. स्टेडियमवर तो चौघांतला एक होता. इथे तो एकटा आला असता. आणि जमलेल्या प्रत्येकाच्या ओठांवर एकच प्रश्न असणार: पुन्हा एकत्र कधी येताय? त्याचा नवा अल्बम 'वॉल्स अँड ब्रिजेस' त्याच महिन्यात बाजारात यायचा होता. एखादा कलाकार आज काय करतोय हे सोडून लोक त्याला दहा वर्षांपूर्वीचंच विचारत राहिले, तर त्याचं काय होत असेल?

हे जॉर्ज हॅरिसननं दोनच महिन्यांनी अनुभवलं. नोव्हेंबर १९७४ मध्ये तो रविशंकरांना आणि भारतीय वादकांच्या ताफ्याला घेऊन अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाला. उस्ताद अल्लारखाँ, पंडित शिवकुमार शर्मा, पंडित हरिप्रसाद चौरसिया. म्हणजे आपल्याकडे ज्यांच्या मैफलीला लोक आदल्या दिवशी रांग लावतील, अशी माणसं. आणि समोरच्या लोकांना हवी होती बीटल्सची जुनी गाणी. समीक्षकांनी त्या दौऱ्याला चांगलंच झोडपलं. म्हणजे चाहत्यांच्या प्रेमाची ही दुसरी बाजू. ते प्रेम कधीकधी माणसाला त्याच्या जुन्या फोटोत कोंडून ठेवतं. म्हणून जॉनच्या भीतीला मी हसणार नाही.

पण मेळाव्याचं काय झालं? तो तर झालाच. आणि खरा इतिहास इथे आहे असं मला वाटतं. चौघांपैकी एकही बीटल हजर नाही, तरी लोक दोन दिवस हलले नाहीत. कारण ते एव्हाना खिडकीकडे बघत नव्हते, एकमेकांकडे बघत होते. बँडची आठवण आतापर्यंत कंपनीची होती, कोर्टाची होती, मासिकांची होती. त्या शनिवार-रविवारी ती ऐकणाऱ्यांची झाली.

आणि आता तो फोटो.

जॉन स्वतः आला नाही, पण त्याला राहवतही नव्हतं. त्या काळात तो मे पँग हिच्याबरोबर राहत होता. त्यानं तिला पाठवलं. मे पँग बाजाराच्या दालनातून फिरत होती. एका टेबलावर तिला काही फोटो दिसले. कोवळी पोरं, लेदर जॅकेटं, हॅम्बुर्ग. फोटो विकणारा माणूस होता युर्गन फोल्मर.

हा फोल्मर साधासुधा नाही. १९६० आणि ६१ मध्ये बीटल्स जर्मनीत, हॅम्बुर्गच्या बदनाम गल्ल्यांतल्या क्लबांत रात्र रात्र वाजवायचे. तिथे त्यांची दोस्ती झालेल्या कलाप्रेमी पोरांपैकी हा एक. त्यानं त्यांचे फोटो काढले. १९६१ मध्ये जॉन आणि पॉल पॅरिसला गेले, तेव्हा ह्यानंच त्यांचे केस कापून पुढे ओढले. जो 'बीटल कट' पुढे जगभरच्या पोरांनी आईबापांची बोलणी खाऊन ठेवला, तो ह्या माणसाच्या कात्रीतून निघालेला! आणि आज तो चाहत्यांच्या बाजारात टेबल लावून बसला होता.

मे पँगनं लगेच जॉनला फोन केला. जॉनला ते फोटो आठवले. दोघं जुने मित्र न्यूयॉर्कमध्ये पुन्हा भेटले. आणि जॉननं आपल्या पुढच्या अल्बमसाठी एक फोटो उचलला. १९६१, हॅम्बुर्ग, एका दाराच्या चौकटीला टेकलेला वीस वर्षांचा तो.

मध्ये एक तारीख आहे. २९ डिसेंबर १९७४. जॉन फ्लोरिडात, डिस्ने वर्ल्डमधल्या एका हॉटेलात होता. तिथे त्यानं बीटल्सची भागीदारी संपवणाऱ्या कागदांवर सही केली. तो क्षण टिपायला कॅमेरा घेऊन मे पँगच हजर होती. जानेवारी १९७५ मध्ये लंडनच्या कोर्टात भागीदारी कायद्यानंही संपली.

आणि फेब्रुवारीत 'रॉक अँड रोल' बाजारात आला. कव्हरवर तो फोटो. आता पुन्हा मोबाईलकडे बघा. पुढून चालत जाणारी ती तीन धूसर माणसं आहेत पॉल, जॉर्ज आणि स्टुअर्ट सटक्लिफ. स्टुअर्ट म्हणजे बँडचा तेव्हाचा बेस वाजवणारा, जॉनचा जिवलग. हा फोटो काढल्यावर साधारण वर्षभरात तो गेला.

कोर्टात कागद फाटत होते, आणि कव्हरवर जॉननं आपले दोस्त ठेवले होते. ओळखू न येणारे, पण होते. ज्या मेळाव्याला तो भीतीनं गेला नाही, त्यानंच त्याला हा फोटो परत दिला.

पुढचं थोडक्यात. खुद्द लिव्हरपूलला जाग यायला १९७७ उजाडलं. बीटल्सचे सुरुवातीचे व्यवस्थापक ॲलन विल्यम्स आणि कॅव्हर्न क्लबचा निवेदक बॉब वूलर ह्यांनी तिथला पहिला मेळावा घेतला. तोवर मूळ कॅव्हर्न क्लब बंद पडून जमीनदोस्तही झाला होता. न्यूयॉर्कचा बीटलफेस्ट मात्र चालूच राहिला. ८ डिसेंबर १९८० ला जॉनचा खून झाला, पुन्हा एकत्र येण्याची आशा कायमची संपली, तरी लोक जमत राहिले. आज त्याचं नाव 'द फेस्ट फॉर बीटल्स फॅन्स' आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यानं पन्नाशी साजरी केली, तीही १९६४ मध्ये ही चार पोरं जिथे उतरली त्याच विमानतळावरच्या हॉटेलात. आता तिथे येणाऱ्यांत बीटल्स फुटल्यावर तीस-चाळीस वर्षांनी जन्मलेली पोरंही असतात.

तुमच्यापैकी कुणी एखाद्या बंद पडलेल्या बँडचं, संपलेल्या मालिकेचं, विस्मरणात गेलेल्या गायकाचं एकट्यानं वेड जपत असेल, तर लापिडोसकडे फार काही नव्हतं, एवढं लक्षात ठेवा. रेकॉर्डच्या दुकानातली नोकरी, एक कल्पना, आणि दार ठोठावून विचारायची तयारी. शेजारच्या गल्लीत दुसरा वेडा असतोच. तो पण हाच विचार करत बसलेला असतो, की कुणीतरी काहीतरी करेल.

चला, आजच्यापुरतं एवढंच. ते कव्हर आणखी एकदा बघा आणि मग तो अल्बम लावा. भेटू पुढच्या भागात.